कुकरच्या आतल्या तापमानात जगणारे जीव: समुद्रतळाखालच्या उष्णताप्रेमी सल्फेट-क्षपकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बडोद्यातल्या मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांकडून येतात, शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांकडून येतात आणि अंकलेश्वर-खंभात पट्ट्यातल्या तेलविहिरींशी संबंध असलेल्या मंडळींकडूनही येतात. ज्याला प्रयोगच करून बघायचा आहे त्याने मधल्या प्रश्नांकडे सरळ उडी मारली तरी चालेल.

हे जीव म्हणजे नेमके कोण?

आपण ऑक्सिजनचा श्वास घेतो, हे सल्फेटचा घेतात. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला न देता ते सल्फेटला देतात आणि त्यातून सल्फाइड तयार होतं, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. या कामाला सल्फेटचं क्षपण म्हणतात, तेलधंद्यातले लोक या जिवाणूंना सरसकट ‘एसआरबी’ म्हणतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये बायजरिंक यांनी १८९५ साली असा पहिला जिवाणू दाखवला. तो साध्या तापमानाचा होता. उष्णताप्रेमी मंडळी पुष्कळ नंतर सापडली. जिवाणूंमध्ये थर्मोडेसल्फोबॅक्टेरियम, थर्मोडेसल्फोव्हिब्रिओ आणि बीजाणू (कठीण काळात तगून राहणारं पेशीचं सुप्त, कवचबंद रूप) करणाऱ्या डेसल्फोटोमॅक्युलमचे नातेवाईक, तर आर्किआमध्ये (दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळं) आर्किओग्लोबस. साधारण ४५-५० अंशांच्या वर ज्यांना सुख वाटतं ते उष्णताप्रेमी, ८० च्या वर सुख वाटतं ते अतिउष्णताप्रेमी. (या पानावरचे सगळे अंश सेल्सिअसमधले आहेत.)

समुद्राचा तळ तर गारठलेला असतो. मग उष्णता कुठून?

खालून. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढत जातं, समुद्रतळाखालीही तसंच. बहुतेक ठिकाणी ही वाढ दर किलोमीटरला २०-३० अंशांची असते. जिथे समुद्री कवच तरुण आणि गरम आहे तिथे तीच वाढ १०० अंशांच्या पुढे जाते. जगभरच्या सागरी गाळाच्या एकूण आकारमानापैकी जवळपास निम्मा गाळ ४० अंशांहून गरम आहे आणि साधारण चौथा भाग ८० अंशांहून गरम. तेव्हा ‘गरम गाळ’ म्हणजे दोन-चार ज्वालामुखीजवळची अपवादात्मक जागा, हा समज आधी सोडावा लागतो.

किती खोल आणि किती गरम जागी ते प्रत्यक्ष सापडलेत?

यावरचं सर्वात नेटकं काम जपानच्या शिकोकू बेटासमोर, नानकाई गर्तेत झालं. २०१६ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ‘चिक्यू’ या ड्रिलिंग जहाजाने सी-००२३ नावाच्या जागी छिद्र पाडलं. आंतरराष्ट्रीय सागरतळ उत्खनन कार्यक्रमाची ही ३७० वी मोहीम. पाण्याची खोली ४,७७६ मीटर, त्याखाली गाळात आणखी १,१८० मीटर. तळाशी तापमान सुमारे १२० अंश.

१२० अंश म्हणजे किती, ते स्वयंपाकघरातच बघा. वरणाचा कुकर शिट्टीवर आला की आत साधारण तेवढंच असतं. त्या तापमानाला तूरडाळीचा दाणा वीस मिनिटांत विरघळतो. या जिवांना मात्र तिथेच संसार करायचा असतो.

निकाल २०२० साली प्रसिद्ध झाले आणि ते सरळ उतरत्या रेषेसारखे नव्हते. ४५ अंशांच्या वर वाढत्या पेशींची संख्या शंभर पटीने कोसळली, आणि बीजाणू त्या पेशींच्या ६,००० पटींहून जास्त भरले. मिथेन तयार होणं आणि खाल्ला जाणं ८०-८५ अंशांपर्यंत चालू होतं. मध्ये १९२ मीटरपर्यंत जाडीचे असे पट्टे लागले की जिथे एकही पेशी हाती लागली नाही. आणि मग १०० ते १२० अंशांच्या थरात पेशी पुन्हा वाढल्या! तिथे ॲसिटेट खाणारे अतिउष्णताप्रेमी जीव कामावर असल्याचा समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचा) पुरावाही मिळाला.

पुढे २०२२ साली याच गाळावरचे किरणोत्सारी मागमूस (ट्रेसर, म्हणजे माग काढता येईल असा पदार्थ) वापरून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. जवळपास १२० अंशांपर्यंतच्या गाळात सल्फेट क्षपण आणि मिथेननिर्मिती दोन्ही चालू असल्याचं त्यांत दिसलं.

नानकाईच्या आधी ही मर्यादा किती मानत?

मेक्सिकोजवळच्या ग्वायमास खोऱ्यातल्या गरम झऱ्यांच्या गाळात १९९२ सालीच ११० अंशांपर्यंत सल्फेट क्षपण मोजलं गेलं होतं, सर्वाधिक वेग १०३ ते १०६ अंशांना. पण ती झऱ्यालगतची जागा, खाणं मुबलक. खोल पुरलेल्या, उपाशी गाळात मात्र जीवनाची सीमा ८० अंशांच्या आसपास असावी असं मानलं जाई, आणि त्याला तेलसाठ्यांचा आधार होता (त्याबद्दल पुढे).

१२० अंशांवर पाण्याची वाफ कशी होत नाही?

दाबामुळे. जवळपास सहा किलोमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे ६०० वातावरणांचा दाब.

तापमान सोसायचं तर मुळात अडचण काय येते?

मोडतोड. गरम पेशीत डीएनएचे तुकडे निखळतात, प्रथिनांची घडी सुटते, आवरणातून आयन झिरपतात. ॲस्पार्टिक आम्ल हे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल. ते आपोआप डाव्या रूपातून उजव्या रूपात उलटत राहतं. थंडीत याला हजारो वर्षं लागतात, पण शंभर अंशांच्या वर वेग इतका वाढतो की पेशीला प्रथिनं सतत नव्याने बांधावी लागतात. पाऊस थांबतच नाही अशा गावात रोज छप्पर शाकारावं तसं.

म्हणून ‘किती अंशांपर्यंत जीवन?’ हा प्रश्न आम्हांला अर्धाच वाटतो. पूर्ण प्रश्न असा की दुरुस्तीचा खर्च भागेल इतकी शिधासामग्री त्या जागी पोचते का. नानकाईच्या गरम थरात पेशी मोजक्या, पण एकेका पेशीचा ऊर्जा-व्यवहार मात्र वरच्या ताज्या गाळातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या जिवांच्या तोडीचा निघाला. थंड खोल गाळातले जीव याच्या अगदी उलट, जवळजवळ झोपलेले. गरम गाळात झोपायची सोयच नाही. मिळकत दुरुस्तीपेक्षा कमी पडली की पेशी संपली.

सल्फेटच्या श्वासातून मिळतं किती?

थोडंच. चार रेणू हायड्रोजन आणि एक सल्फेट घेतलं तर प्रमाणित परिस्थितीत मोलमागे सुमारे १५२ किलोज्यूल सुटतात. ॲसिटेटवर चालवलं तर सुमारे ४८. प्रत्यक्ष गाळात सगळंच विरळ असल्यामुळे यातलंही थोडंच हाती लागतं. शिवाय सल्फेट हा आळशी रेणू आहे. त्याला हलवायला आधी एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून ‘एपीएस’ नावाचं सक्रिय रूप करावं लागतं, आणि यात दोन एटीपींचं भांडवल आधी गुंतवावं लागतं. मग एपीएसचं सल्फाइट, आणि सल्फाइटचं सल्फाइड. शेवटची पायरी करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक ‘डीएसआर’. गाळात हे जीव आहेत का, हे बहुतेक वेळा याच जनुकावरून शोधतात.

इतक्या खोल सल्फेट उरतंच कसं?

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम, म्हणजे २८ मिलिमोलर सल्फेट असतं. किनाऱ्याजवळच्या गाळात वरच्या काही मीटरांतच ते खाऊन संपतं आणि त्याखाली मिथेनचं राज्य सुरू होतं. पण खालून दुसरी वाट आहे. गाळाखालच्या बेसाल्टच्या भेगांमधून समुद्राचं पाणी आडवं वाहतं आणि ते सल्फेट गाळाला तळाकडून पुरवतं. पॅसिफिकमधल्या ह्वान दे फुका कड्याच्या बाजूला अशा भेगांतलं पाणी साधारण ६५ अंशांचं आहे. तिथे छिद्राच्या तोंडावर बसवलेल्या कायमस्वरूपी वेधशाळांतून ते उपसलं जातं. त्या पाण्यात डेसल्फोरुडिस या सल्फेट-क्षपक जिवाणूचे नातेवाईक मिळाले. याच गटाचा एक जीव दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत, २.८ किलोमीटर खोल पाण्यात, जवळजवळ एकटाच राहताना सापडला होता आणि त्याचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला.

आणि खाणं?

गाळातला जुना सेंद्रिय माल गरम होत गेला की आपोआप तुटतो. त्यातून ॲसिटेट आणि हायड्रोजन सुटतात. म्हणजे जी उष्णता पेशी मोडते तीच खाणंही शिजवते. शंभर अंशांवर पेशी पुन्हा का वाढल्या, याचं सर्वात पटणारं उत्तर हेच.

त्या पेशी खरंच तिथल्याच, की जहाजावरून आलेल्या?

प्रश्न अगदी योग्य आहे. आम्हांला तर हाच या विषयाचा गाभा वाटतो. आकडे मांडून बघा. छिद्र पाडताना वापरलेल्या समुद्राच्या पाण्यात मिलिलिटरला लाखभर पेशी धरा. त्यातलं एक मायक्रोलिटर, म्हणजे सुईच्या टोकावरचा थेंब, गाळाच्या तुकड्यात झिरपला तर शंभर पेशी आल्या. आणि नानकाईच्या गटाने गाठलेली मोजणीची सीमा होती घनसेंटिमीटरला १६ पेशी! एका थेंबाने सगळी मोजणी बुडते.

म्हणून तीन गोष्टी करतात. ड्रिलिंगच्या पाण्यात परफ्लुरोकार्बनसारखा बाहेरचा मागमूस मिसळायचा आणि नमुन्याच्या मध्यभागी तो सापडला तर तो तुकडा बाद. दुसरं, कोअरचा (छिद्रातून काढलेल्या गाळाच्या दंडगोलाचा) बाहेरचा थर खरवडून फक्त गाभा घ्यायचा. बाहेरची एक-दोन सेंटिमीटरची साल वाया गेली तर जाऊ द्यावी, तिच्यावर जीव लावू नये. तिसरं, ज्या थरात मुळात सल्फेट नाही तिथे सल्फेट दिसलं तर ते बाहेरच्या पाण्याचं समजायचं. ०.२८ मिलिमोलर सापडलं तर एक टक्का गळती, हिशेब सोपा. नानकाईचे कोअर जहाजावरून हेलिकॉप्टरने कोचीच्या प्रयोगशाळेत नेले, हे कोची जपानमधलं, आणि तिथल्या अतिस्वच्छ खोलीत फोडले.

डीएनएच्या कामात धोका आणखी मोठा. डीएनए काढायच्या रासायनिक किटमध्येच जिवाणूंचा डीएनए असतो. नमुन्यात पेशी मूठभर आणि किटमध्ये त्याहून जास्त, अशी गत होते. रिकाम्या नमुन्यावर तेच किट चालवून त्याची यादी वजा केल्याशिवाय कुठल्याही ‘नव्या प्रजातीवर’ विश्वास ठेवू नका.

गरम ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड सापडला म्हणजे जीव आहेतच ना?

नाही. सुमारे १०० ते १४० अंशांच्या वर, भूगर्भीय काळाच्या हिशेबात, हायड्रोकार्बन आणि सल्फेट यांची जीवाशिवायही प्रक्रिया होते. भेद करायला गंधकाची समस्थानिकं बघतात. जीव हलकं गंधक निवडतात आणि फरक हजारात ६०-७० पर्यंत जाऊ शकतो. उष्णतेने झालेल्या प्रक्रियेत तो सहसा बराच कमी असतो. दोन्हींच्या सीमारेषेवर एकट्या समस्थानिकांवर निकाल देऊ नये.

बर्फाळ समुद्रात उष्णताप्रेमी जीव सापडले, ही अफवा आहे का?

अफवा नाही. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या गाळाला कधी ऊब मिळत नाही. तो गाळ ५०-६० अंशांवर ठेवला तर काही दिवसांत सल्फेट क्षपण जोमाने सुरू होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हिशेब निघाला की तिथे दर चौरस मीटरवर वर्षाला दहा कोटींहून जास्त उष्णताप्रेमी बीजाणू येऊन पडतात. ते तिथे वाढत नाहीत, नुसते साठतात. कुठल्या तरी गरम खोल जागेतून, तेलाच्या झिरपणीतून किंवा कवचातल्या गरम पाण्यातून, ते वर फेकले जातात असा तर्क आहे. बी वाऱ्यावर उडून दुसऱ्याच्या अंगणात पडावं तसं. आपल्याला याचा उपयोग असा की खोल समुद्रात न जाता साध्या चिखलातून या मंडळींपैकी काहींना जागं करता येतं.

बडोद्यात बसून ते वाढवता येतील का?

बीजाणू करणारे, ५५-६० अंशांचे, हो. चिखल खंभातच्या आखाताच्या भरतीओहोटीच्या पट्ट्यातला किंवा महीच्या मुखाजवळचा घ्या. सुरसागरचा काळा गाळही चालतो, पण तो गोड्या पाण्याचा असल्यामुळे मीठ कमी करावं लागतं. विश्वामित्रीच्या काठी चिखल काढायला वाकण्याआधी मगरींची आठवण ठेवा, हा विनोद नव्हे.

माध्यम, एक लिटरसाठी: मीठ २० ग्रॅम (गोड्या पाण्याच्या चिखलाला १ ग्रॅम), मॅग्नेशियम क्लोराइड षट्जल ३ ग्रॅम (गोड्याला ०.४), कॅल्शियम क्लोराइड द्विजल ०.१५, सोडियम सल्फेट ४, अमोनियम क्लोराइड ०.२५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२, पोटॅशियम क्लोराइड ०.५ ग्रॅम. रेझाझुरिन (ऑक्सिजन असेपर्यंत गुलाबी राहणारा रंग) चिमूटभर, म्हणजे १ मिलिग्रॅम. चार ग्रॅम सोडियम सल्फेट म्हणजे बरोबर २८ मिलिमोलर, समुद्राएवढं.

हे उकळा आणि नायट्रोजन-कार्बन डायऑक्साइडच्या (८०:२०) धारेखाली थंड करा. वेगळ्या बंद बाटलीत निर्जंतुक केलेलं १ मोलर सोडियम बायकार्बोनेट ३० मिलिलिटर घाला, सूक्ष्मधातूंचं द्रावण १ मिलिलिटर, जीवनसत्त्वं, आणि सोडियम लॅक्टेट १० मिलिमोलर होईल इतकं. शेवटी ०.२ मोलर सोडियम सल्फाइड ७.५ मिलिलिटर (लिटरला ४८ ग्रॅम नवजल). सामू ७.० ते ७.३. गुलाबी रंग जाऊन माध्यम पाण्यासारखं झालं की ऑक्सिजन गेला.

१२० मिलिलिटरच्या सिरम बाटलीत ४५ मिलिलिटर भरा, ब्यूटाइल रबराचं बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी क्रिंप करा. साधं रबर नको, त्यातून हवा झिरपते. चिखल दुप्पट माध्यमात कालवून ५ मिलिलिटर सिरिंजने सोडा. सिरिंज आधी तीनदा नायट्रोजनने धुवा. मग बाटली ८० अंशांच्या वॉटर बाथमध्ये एक तास. हा तास बाथचा नव्हे, बाटलीच्या आतला. शेजारी पाणी भरलेली तशीच बाटली ठेवून तिच्यात थर्मामीटर घाला आणि तिथून घड्याळ लावा. या तासात साध्या तापमानाचे वाढते जिवाणू मरतात, बीजाणू उरतात. त्यानंतर ५५ अंशांवर ठेवा. मे महिन्यातली बडोद्याची खोली ४० ओलांडते खरी, पण ती इनक्युबेटरची जागा घेऊ शकत नाही.

तीन ते दहा दिवसांत वाढ दिसायला हवी. मग नव्या बाटलीत दहा टक्के, आणि असं तीन-चार वेळा.

माध्यम काळं पडलं. जमलं ना?

थांबा. काळा रंग लोह सल्फाइडचा असतो. तुम्ही स्वतः सोडियम सल्फाइड घातलं आहे आणि चिखलात लोह आहे, तेव्हा बाटली पहिल्याच दिवशी काळी पडणारच. काळेपणावरून निकाल द्यायचा असेल तर पोस्टगेट यांचं ‘बी’ माध्यम वापरा. त्यात लिटरला अर्धा ग्रॅम फेरस सल्फेट असतं आणि ऑक्सिजन घालवायला सल्फाइडऐवजी ॲस्कॉर्बिक आम्ल व थायोग्लायकोलेट, प्रत्येकी ०.१ ग्रॅम. त्यातसुद्धा यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधलं सिस्टीन मोडून दुसरेच जिवाणू सल्फाइड काढू शकतात.

म्हणून प्रत्येक प्रयोगाबरोबर तीन बाटल्या जास्तीच्या हव्यात: एक सल्फेट नसलेली (क्लोराइड घालून मीठ तेवढंच ठेवलेली), एक मेलेल्या चिखलाची, आणि एक २० मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट घातलेली. मॉलिब्डेट सल्फेटसारखं दिसतं आणि विकराला फसवतं, पेशीचं एटीपी वाया जातं. खरं सल्फेट क्षपण असेल तर या तिन्ही बाटल्या मागे राहतात. तिन्ही पुढे गेल्या तर तुमच्या बाटलीत दुसराच कुणीतरी आहे.

काहीच वाढत नाही. चूक कुठे होते?

बहुतेक वेळा या ठिकाणी.

माध्यम गुलाबीच राहतं: नायट्रोजन वेल्डिंगचा आहे. मकरपुरा जीआयडीसीत सिलिंडर सहज मिळतो, पण त्यात ऑक्सिजनचा अंश असतो. तापवलेल्या तांब्याच्या नळीतून तो वायू न्यावा लागतो.

पांढरा साका बसतो: बायकार्बोनेट मॅग्नेशियम-कॅल्शियमबरोबर एकत्रच ऑटोक्लेव्ह केलं. कार्बन डायऑक्साइड उडून गेला, सामू चढला, फॉस्फेटही खाली बसलं. बायकार्बोनेट नेहमी वेगळं, बंद बाटलीत, वर कार्बन डायऑक्साइड भरून.

सुरुवातीला वाढ, दुसऱ्या-तिसऱ्या बदलीत थांबते: चिखलाबरोबर येणारी जीवनसत्त्वं आणि सेलेनियम-टंगस्टन संपले. सेलेनाइट-टंगस्टेटचं वेगळं द्रावण असतं, ते वगळू नका.

सामू आणि सल्फाइड दोन्ही चढलेले: मालच संपलेला नाही ना बघा. लॅक्टेट अर्धवट जाळणारे जीव दोन लॅक्टेटमागे एक सल्फेट वापरतात, म्हणजे १० मिलिमोलर लॅक्टेटवर सल्फाइड ५ मिलिमोलरच्या आसपास थांबतं. यात अपयश काही नाही.

घरचा कुकर ऑटोक्लेव्ह म्हणून चालेल का?

१५ पौंड दाबाचा असेल आणि तुम्ही शिट्ट्या न मोजता मिनिटं मोजणार असाल तर माध्यमापुरता चालतो: वाफ नीट बाहेर पडू लागल्यावर २० मिनिटं. सल्फाइडची बाटली कुकरमध्ये कधीही नको. आणि त्या कुकरमध्ये पुन्हा वरण लावू नका.

सल्फाइड मोजायचं कसं?

झटपट पद्धत तांब्याची. ५० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिलिमोलर मोरचूद करा. त्याच्या ४ मिलिलिटरमध्ये बाटलीतला ०.१ मिलिलिटर नमुना सोडा, हलवा, आणि तपकिरी रंग ४८० नॅनोमीटरवर लगेच वाचा. चहा घेऊन आलात तर कॉपर सल्फाइड खाली बसलेलं असेल आणि आकडा खोटा येईल.

कमी प्रमाणासाठी मिथिलीन ब्लूची पद्धत, ६७० नॅनोमीटर. नमुना काढल्या क्षणी झिंक ॲसिटेटमध्ये बुडवा, नाहीतर सल्फाइड हवेत उडून जातं.

किरणोत्सारी गंधकाने वेग कसा काढतात?

गंधक-३५ असलेलं सल्फेट टोचतात. अर्धायुष्य ८७ दिवस. ठरावीक वेळाने सल्फाइडमध्ये किती किरणोत्सार गेला ते बघतात. वेग म्हणजे सल्फेटची सांद्रता गुणिले गाळाची सच्छिद्रता गुणिले बदललेल्या किरणोत्साराचा हिस्सा गुणिले १.०६, भागिले वेळ. तो १.०६ जड समस्थानिक थोडं मागे पडतं म्हणून. कॉलेजात करायची गोष्ट नव्हे, अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी असलेल्या प्रयोगशाळेतच.

८० अंशांच्या वरचे जीव हवे असतील तर?

चिखलातून मिळवण्याचा नाद सोडा, संवर्ध संग्रहातून मागवा. आर्किओग्लोबस फुल्जिडस इटलीच्या व्हल्कानो बेटाजवळच्या समुद्री झऱ्यातला. सर्वोत्तम तापमान ८३ अंश, झेप ९५ पर्यंत. सल्फेट-क्षपकांमध्ये पहिला जनुकसंच याचाच वाचला गेला, १९९७ साली. सूक्ष्मदर्शकाखाली ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो निळसर-हिरवा चमकतो, ओळखायला बरं पडतं. जर्मनीच्या डीएसएमझेड संग्रहात तो ४३०४ क्रमांकावर आहे. आयातीच्या कागदपत्रांना वेळ धरून ठेवा.

बाटलीचा दाब विसरू नका. २५ अंशांवर बंद केलेली बाटली ९० वर नेली की वायू फुगून १.२ वातावरणं, त्यात वाफेची ०.७, म्हणजे जवळपास २. माध्यमातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळाच. तडा गेलेली जुनी बाटली इथे फुटते. तारेच्या जाळीत ठेवा आणि गरम असताना हातात घेऊ नका.

अंकलेश्वरच्या तेलाशी याचा संबंध काय?

खंभातजवळच्या लूणेजला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं. साठा जुना होत जातो तसं दाब टिकवायला पाणी टोचावं लागतं, हे जगभरच्या तेलक्षेत्रांचं सामान्य चित्र. पाण्यात सल्फेट असलं तर खालचे एसआरबी त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात, तेल ‘आंबट’ होतं (तेलधंद्यात सल्फाइड मुरण्याला हेच म्हणतात) आणि पाइप गंजतात. उत्तर समुद्रातल्या गरम साठ्यांत आर्किओग्लोबससकट उष्णताप्रेमी मंडळी सापडली आहेत. टोचलेलं पाणी गार असल्यामुळे विहिरीभोवती थंड पट्टा तयार होतो. म्हणून खालचा साठा १०० अंशांचा असला तरी आंबणं होऊ शकतं, हे पुष्कळदा नजरेतून सुटतं.

उपाय तीन: नॅनोफिल्टरने सल्फेट आधीच काढणं, नायट्रेट टोचणं (नायट्रेट वापरणारे जिवाणू खाणं पळवतात आणि सल्फाइडही जाळतात), आणि ग्लुटराल्डिहाइड किंवा टीएचपीएससारखी जंतुनाशकं. जंतुनाशक एकट्याने देत राहिलात तर पाइपच्या भिंतीवरच्या थराखाली जीव वाचतात, आधी पिगिंग करून, म्हणजे पाइपमधून खरवडणारा बोळा फिरवून, भिंत खरवडा. बीजाणूंवर तर त्याचा परिणाम फारच तोकडा.

आणि ते ८० अंशांचं कोडं? जे साठे पूर्वी कधीतरी ८०-९० अंशांच्या वर तापून मग वर आले, त्यांतलं तेल जिवाणूंनी कुरतडलेलं नाही. जणू निसर्गाने पाश्चरायझेशन केलं. नानकाईत मात्र १२० अंशांवर जीव जगले. आमच्या मते हा विरोध नाही: तापलेला साठा बंद होता, आत नवा शिधा आणि नवे जीव पोचायला वाट नव्हती.

टुवाच्या गरम कुंडांत मिळतील का?

गोध्र्याजवळच्या टुवाचं पाणी गरम आहे, पण उघड्यावर, हवेशीर. कुंडाच्या तळाचा काळा गाळ घेतला तर प्रयत्न करण्यासारखा आहे. लोक तिथे श्रद्धेने आंघोळीला येतात, विचारून घ्या आणि चमचाभरच घ्या.

अरबी समुद्राखाली?

२०१५ साली ३५५ व्या मोहिमेने लक्ष्मी खोऱ्यात किलोमीटरभर खोल गाळ काढला. मुख्य हेतू मान्सूनचा इतिहास आणि हिमालयाची झीज हा होता, हे जीव शोधण्याचा नव्हे.

वास येणं थांबलं, म्हणजे धोका टळला?

उलट. सुमारे १०० पीपीएमला नाक बधिर होतं, आणि तेवढंच प्रमाण जिवाला तात्काळ धोक्याचं धरतात. एका बाटलीचा हिशेब: ५ मिलिमोलर सल्फाइड असलेलं ५० मिलिलिटर द्रव आम्लात ओतलं की सुमारे ६ मिलिलिटर वायू सुटतो. तुमच्या तोंडापुढच्या एक लिटर हवेत तो गेला तर ६,००० पीपीएम. म्हणून बाटली धुराड्याखालीच उघडायची, आणि आम्लाची बाटली त्या टेबलावर नको.

काम झाल्यावर बाटल्या टाकायच्या कशा?

आधी झिंक ॲसिटेट घालून सल्फाइड पांढऱ्या साक्यात बांधा. झिंक ॲसिटेट भिजवलेली कागदाची पट्टी बाटलीच्या तोंडाशी धरून बघू नका, लेड ॲसिटेटची पट्टी धरा: ती तपकिरी झाली तर अजून वायू सुटतोय, आणखी झिंक घाला. मगच ऑटोक्लेव्ह. काही डेसल्फोटोमॅक्युलमचे बीजाणू एका फेरीला दाद देत नाहीत, तेव्हा पहिल्या फेरीनंतर बाटली एक रात्र ५५ अंशांवर ठेवा, उठतील ते उठू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी लावा. जस्ताचा साका मोरीत नाही, रसायनांच्या कचऱ्याच्या डब्यात.